जुनं बोट मशीन घेताय? आधी कॉम्प्रेशन मोजा

एप्रिल-मे आला की सांगलीत नदीकाठच्या गावांत जुन्या ओबीएमची, म्हणजे बोटीच्या मागं लावायच्या आउटबोर्ड मोटरची, चौकशी सुरू होते. २००५, २०१९, २०२१ असे पूर बघितल्यावर कृष्णा-वारणेच्या काठावर बोट ही काय हौसेची वस्तू राहिली नाही, आणि नवीन मशीनची किंमत ऐकली की माणूस आपोआप सेकंडहँडकडं वळतंय. काही मशीन कोकणातनं घाट चढून आलेली असत्यात, काही कोयनेच्या पाण्यावर चाललेली असत्यात, काही कुणाच्या तरी शेडमधे पोत्याखाली पडलेली असत्यात. आणि विकणारा जवळजवळ प्रत्येकजण एकच करतोय, दोरी अर्धी ओढून दाखवतोय आणि म्हणतोय, "बघा की कॉम्प्रेशन, हात मागं खेचतंय."

हाताला लागणारी ती ओढ म्हणजे मोजमाप नव्हे. तीन सिलिंडरच्या मशीनमधे एक अर्धमेला असला तरी बाकीचे दोन हाताला चांगला झटका देत्यात आणि आपण खुश होऊन बयाणा देऊन मोकळे. म्हणून गेज लावायचं. काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, मिस्त्री असायची गरज नाही, बाईकचा प्लग काढून साफ करता येत असला तरी बास.

कॉम्प्रेशन म्हणजे काय ते एका दमात सांगतो. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते, तो दाब किती तयार होतोय आणि किती टिकतोय ते आपण मोजणार. पिस्टनवरच्या रिंगा घासल्या असतील, बोअरला म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला ओरखडे असतील, हेडचं पॅकिंग गेलं असेल किंवा फोर-स्ट्रोकमधे व्हॉल्व्ह नीट बसत नसतील तर हवा कुठनं तरी निसटते आणि आकडा खाली येतो. कुठनं निसटली ते एका आकड्यावरनं कळत नाही, पण सगळ्या सिलिंडरचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की बरंच कळतंय.

घरातनं निघताना काय घ्यायचं

पहिलं गेज. इथंच नवीन माणूस फसतंय, कारण बाईकच्या गॅरेजमधनं उसनं आणलेलं गेज बोट मशीनला बसतच नाही. आजकालच्या बऱ्याच बाईक आणि स्कूटरला १० मिमीचा प्लग असतोय, बोट मशीनला बहुतेक वेळा १४ मिमीचा. जुन्या आरएक्स १०० ला किंवा चेतकलाही १४ चाच होता, त्यामुळं गावात अजून टू-स्ट्रोक गाड्या करणारा एखादा जुना मिस्त्री असेल तर त्याच्याकडं १४ चा अडॅप्टर मिळायची शक्यता जास्त. तसा माणूस ओळखीचा करूनच ठेवा, पुढं कामाला येतोय, कारण टू-स्ट्रोकचं कान असलेले मिस्त्री आता कमी होत चाललेत.

आटे असलेलं, पिळून बसवायचं गेजच घ्या. रबराचा कोन दाबून धरायचं गेज पण मिळतंय, पण त्यात एक माणूस दोरी ओढणार आणि दुसरा गेज दाबून धरणार, मधेच हात हलला की हवा फुस्स, आणि मग आकड्यावरनं वाद.

दोन गोष्टी गेज घेतानाच बघायच्या. एक, अडॅप्टरचे आटे किती लांब आहेत. मशीनमधनं काढलेला प्लग आणि अडॅप्टर शेजारी धरून बघायचं, अडॅप्टर प्लगपेक्षा जास्त लांब असेल तर आत पिस्टनच्या डोक्याला लागू शकतो, तो लावायचाच नाही. दोन, हवा अडवून धरणारा छोटा व्हॉल्व्ह, सायकलच्या ट्यूबला असतोय तसला, तो पाइपच्या प्लगकडच्या टोकाला आहे का वर गेजपाशी. गेजपाशी असेल तर तो सगळा लांब पाइप पण सिलिंडरचाच भाग झाल्यासारखा होतोय, जागा वाढते आणि आकडा खोटा कमी येतो. मोठ्या गाडीच्या इंजिनाला त्यानं फारसा फरक पडत नाही, पण बोट मशीनचे सिलिंडर लहान, तिथं चांगलाच पडतोय.

बाकी सामान साधंच आहे. प्लग पाना, प्लगच्या वायरी अर्थ करायला क्लिपा लावलेले वायरचे तुकडे, थोडं टू-टी ऑइल आणि ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज, टॉर्च, चिंधी, वही-पेन. शक्य असेल तर स्वतःचा पेट्रोलचा छोटा डबा, टू-स्ट्रोक असेल तर ऑइल मिसळलेला. मोबाईलला जोडायचा वायरचा कॅमेरा मिळतो तो असला तर लईच भारी. मशीन स्टार्टरवर चालणारं असेल तर आपली चार्ज केलेली बॅटरी न्या, कारण विकणाऱ्याची बॅटरी बसलेली असणार हे धरूनच चालायचं. बॅटरी मेलेली असली की मशीन हळू फिरतंय, हळू फिरलं की आकडा कमी, आणि दोष मशीनच्या नावावर.

पोचल्या पोचल्या

गेल्यावर चहाच्या आधी काउलिंग, म्हणजे मशीनवरचं झाकण, काढायला लावा आणि सिलिंडर हेडवर हात ठेवा. गार पाहिजे. आधी फोन करून सांगायचंच, "दादा, मी यायच्या आधी मशीन चालू करू नका." तरी गरम लागलं तर समजायचं की गार असताना सहज चालू होत नसावं, किंवा पहिला धूर आपल्याला दिसू द्यायचा नाही. याचा अर्थ माणूस खोटाच आहे असं नाही, काहीजण भाबडेपणानं पण "चालू करून ठेवतो" करत्यात. पण मग परत गार व्हायची वाट बघायची, घाई असली तर दुसऱ्या दिवशी जायचं.

हेडच्या बोल्टांकडं बघा. रंग सलग आहे का, का पान्याचे घाव आहेत, का सगळ्या मशीनवर एकच ताजा फवारा मारून बोल्टासकट रंगवलंय. उघडलेलं मशीन वाईटच असतंय असं नाही, रिंगा बदलल्या असतील तर उलट चांगलं, पण मग कोणी बदलल्या, कधी, काय टाकलं, हे सांगता आलं पाहिजे.

आणि आपल्या भागात खास बघायची गोष्ट म्हणजे गाळ. पुरात बुडालेलं मशीन धुऊन पुसून विकायला येऊ शकतंय, वरनं चकचकीत दिसतंय पण चिकणमातीचा पिवळट थर काही जागी राहतोच. स्टार्टर मोटरच्या मागं, वायरिंगच्या वेटोळ्यात, काउलिंगच्या आतल्या फोमच्या कोपऱ्यात टॉर्च मारा. फ्लायव्हीलच्या, म्हणजे वरच्या फिरणाऱ्या जड चाकाच्या, खालनं डोकावून तांबडा गंज दिसतोय का बघा. कोकणातनं आलेल्या मशीनवर गाळाच्या जागी मिठाची पांढरी पूड आणि फुगलेला रंग दिसेल.

आधी गार, मग गरम

गार मशीन आपल्यासमोर चालू करायला लावायचं, पण कोरडं नाही. बोट मशीनला थंड करणारं पाणी खालनं पंपानं ओढलं जातंय आणि त्या पंपातला इंपेलर रबराचा असतोय, पाण्याशिवाय चालवलं तर थोड्या वेळातच तो खराब होतोय, आणि मशीन तापून सिलिंडरला ओरखडे पडले तर आपण जे तपासायला आलो तेच आपण बिघडवलं. म्हणून दोनशे लिटरचं पिंप घ्या, पाण्यानं भरा, मशीनचा खालचा भाग पाणी ओढायच्या जाळ्या बुडून वर पाणी राहील इतका आत सोडा. किंवा नळाला जोडायचे मफ, म्हणजे त्या जाळ्यांवर बसणारे रबरी कप, मिळत्यात ते लावा. गिअर न्यूट्रलला. बंद शेडमधे चालवू नका, धूर विषारी असतोय, उघड्यावरच.

चालू झालं की मागनं पाण्याची बारीक पिचकारी यायला पाहिजे. एक-दोन मिनिटात आली नाही तर बंद करा. आली तर पाच-दहा मिनिटं चालू द्या. मशीन कोमट झालं की रिंगा आणि पिस्टन आपापल्या जागी नीट बसत्यात आणि आकडा खरा येतो. मशीन चालूच होत नसेल तर गारच मोजायचं, आकडा थोडा कमी येईल, पण सिलिंडर-सिलिंडरमधला फरक तरीही कळतोय आणि आपल्याला तोच पाहिजे.

प्लग काढा, पण फेकू नका

प्लगच्या वायरी काढायच्या आधी कुठली कुठल्या सिलिंडरची ते लक्षात ठेवा, नाहीतर फोटो काढा. वरचा सिलिंडर नंबर एक, मग खाली दोन, तीन. प्लगच्या भोवतीची माती फुंकून काढा, नाहीतर प्लग काढताना तीच आत जाते. एकाच सिलिंडरचा नाही, सगळे प्लग काढायचे. एक काढून बाकी ठेवले तर मशीन जड फिरतंय, वेग मिळत नाही आणि आकडे एकमेकांशी जुळवायला निरुपयोगी होत्यात.

काढलेले प्लग एका ओळीत, नंबरप्रमाणे, फळकुटावर मांडा. या ओळीवर दोन मिनिटं घालवा, घाईनं पुढं जाऊ नका. सगळे सारखे तपकिरी, जरा तेलकट असतील तर ठीक. एकाचं तोंड धुतल्यासारखं स्वच्छ किंवा गंजाचा डाग असलेलं असेल तर त्या सिलिंडरमधे पाणी जात असावं, म्हणजे हेड पॅकिंगवर पहिला संशय. आणि टॉर्च तिरकी धरून पांढऱ्या चिनीमातीवर बघा, तिथं चांदीसारखे बारीक चमकणारे दाणे दिसले, खसखशीपेक्षा लहान, तर ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम आहे. तसे दाणे दिसले तर गेज लावायच्या आधीच निम्मा निकाल लागला म्हणा. एखादा प्लग तेलानं चिंब ओला असेल तर तेही लिहून ठेवा, का ते पुढं येतंय.

करंट आणि पेट्रोल बंद

ही पायरी गाळायची नाही. प्लगच्या भोकातनं पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाणार आणि शेजारी वायर ठिणगी मारत असली तर भडका उडू शकतोय. शिवाय वायरी लोंबत ठेवून मशीन फिरवलं तर काही मशीनचा सीडीआय, म्हणजे ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जायची भीती असते, आणि तो जर गेला तर विकणारा तुमच्याच गळ्यात मारणार, मग बसा भांडत. म्हणून किल स्विचची लाल दोरीवाली क्लिप काढून ठेवा, आणि वर प्रत्येक वायरीचं टोक क्लिपच्या तुकड्यानं इंजिनच्या उघड्या लोखंडाला जोडून अर्थ करा. दोन्ही करा. पेट्रोलचा पाइप काढा. इंजेक्शनवालं मशीन असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा.

बाहीचा शर्ट, गळ्यातला टॉवेल, हातातलं कडं आधी बाजूला ठेवा, वर उघडं फ्लायव्हील फिरणार आहे.

थ्रॉटल पूर्ण उघडा

थ्रॉटल बंद असला तर सिलिंडरला हवाच पुरत नाही आणि दाब कमी दिसतो, फोर-स्ट्रोकमधे तर चांगलाच कमी. अडचण अशी की हँडलवाल्या बऱ्याच मशीनमधे न्यूट्रलला असताना मूठ पूर्ण फिरतच नाही, आणि गिअरमधे टाकलं तर दोरी अडकते, कारण गिअरमधे चालू होऊ नये म्हणून तशी सोयच केलेली असते. जोर लावून मूठ फिरवू नका. काउलिंग काढलेलंच आहे, कार्बोरेटरपाशी बघा, थ्रॉटलची लिव्हर बोटानं ढकलून पाकळी उघडी धरता येते. सोबत्याला धरायला सांगा. चोक आत ढकललेला म्हणजे उघडा पाहिजे.

आता ओढा

गेज एक नंबरच्या भोकात आधी हातानंच पिळा. पाना लावून सुरुवात केली आणि आटे वाकडे धरले गेले तर हेडचे आटे जातील, हेड ॲल्युमिनियमचं आहे. हातानं पूर्ण बसलं, रबराची रिंग टेकली की बास, आवळायची गरज नाही.

दोरी ओढायची ती पूर्ण आणि जोरात, एकापाठोपाठ एक. प्लग सगळे बाहेर असल्यानं हलकी जाते. पहिल्या ओढीला काटा समजा ६० वर जाईल, दुसऱ्या ओढीला ८५-९०, तिसऱ्याला शंभरच्या आसपास, आणि पाचव्या-सहाव्या ओढीपर्यंत तो एका जागी थांबतोय. थांबला की तो आकडा लिहायचा. स्टार्टर असेल तर चार-पाच सेकंद फिरवा, काटा थांबेपर्यंत, आणि मधे मधे स्टार्टरला विश्रांती द्या. गेजची हवा सोडा, तोच सिलिंडर परत एकदा मोजा, दोन्ही आकडे जवळपास आले तरच खरे. मग पुढचा सिलिंडर. प्रत्येकाला ओढी तितक्याच आणि माणूसही तोच, एक नंबर तुम्ही ओढला आणि दोन नंबर विकणाऱ्याच्या पोरानं तर तुलना कसली करणार.

काटा कसा चढतोय तेही बघा. पहिल्या ओढीला कमी आणि मग हळूहळू चढत जातोय तर बहुतेक रिंगा ढिल्या. पहिल्यापासूनच कमी आणि ओढून ओढून वर जायलाच तयार नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग.

आकडे कसे वाचायचे

साध्या पेट्रोल टू-स्ट्रोक बोट मशीनला साधारण ९० ते १३० पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) या दरम्यान आकडा येतोय. तुमच्या मॉडेलचा खरा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधे असतो, मिळालं तर तोच धरा, कारण काही जुनी मशीन मुळातच कमी दाबाची बनवलेली आहेत. गेजवर किलोचे आकडे असतील तर १ किलो म्हणजे सव्वाचौदा पीएसआय धरा, म्हणजे १२० पीएसआय साधारण साडेआठ किलो.

पण मोठ्या आकड्याच्या मागं लागू नका, मी तर आधी फरक बघतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा यांच्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त अंतर नको. ११२, ११०, १०८ आले तर छान. ९६, ९५, ९४ आले तरी माझ्या मते घेण्यासारखं आहे, सगळे सारखे झिजलेत, मशीन चाललंय पण नीट चाललंय. याउलट १२५, १२२, ९५ आले तर ते १२५ बघून हुरळून जायचं नाही, तिसऱ्यात काहीतरी बिघडलंय आणि ते वाढतच जाणार. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी आणि जवळपास सारखेच असतील तर त्या दोघांच्या मधलं हेड पॅकिंग गेलेलं असू शकतंय, आणि खर्चाच्या मानानं ही जरा बरी बातमी, कारण नुसतं पॅकिंग असेल तर बोअरिंगपेक्षा काम स्वस्तात होतंय.

एखादाच आकडा बाकीच्यांपेक्षा फार जास्त आला तर? बाकी ११० आणि एक १४०. मशीन तेवढंच जादा ताकदीचं झालं असं नसतंय. आत कार्बन साठून जागा कमी झाली असेल, नाहीतर सिलिंडरमधे तेल ओतलेलं असेल. तेल ओतलं की ते रिंगांच्या फटी बुजवतंय आणि आकडा तात्पुरता फुगतो, ही युक्ती जुनी आहे. म्हणूनच मघाशी ओला प्लग लिहून ठेवायला सांगितला, आणि म्हणूनच मशीन आधी आपल्यासमोर पाच-दहा मिनिटं चालवायचं, जास्तीचं तेल तेवढ्यात धुराच्या रूपानं निघून जातंय.

सगळेच आकडे ५०-६० आले तर लगेच नाक मुरडू नका. थ्रॉटल खरंच उघडा होता का, गेजची रबर रिंग जागेवर आहे का, बॅटरी, ओढायचा वेग हे सगळं परत बघा. गेजवरच शंका असेल तर जवळच्या एखाद्या चांगल्या चाललेल्या टू-स्ट्रोक गाडीवर लावून बघा.

आता एक गोष्ट जी मालवणचा मच्छीमार तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याला ती लागतच नाही. उंची. मॅन्युअलमधले आकडे साधारण समुद्रसपाटीचे धरलेले असत्यात. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथं हवा जरा विरळ, त्यामुळं किनाऱ्यावर १२० दाखवणारं तेच मशीन तेच गेज इथं ७-८ पीएसआय कमी दाखवेल. बामणोली-तापोळ्याला कोयनेच्या पाण्यावर ९ च्या आसपास कमी. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर तर १७-१८ कमी. म्हणजे कोकणातल्या विकणाऱ्यानं ११८ चा फोटो पाठवला आणि तुमच्या दारात ११० आले तर तो खोटं बोलला नाही, घाट मधे आला. पण उंचीनं सगळेच सिलिंडर सारखे खाली येत्यात, एकटा एक नाही. "साहेब, घाटावर एक सिलिंडर कमीच दाखवतोय" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

तेल घालून परत एकदा

एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात सिरिंजनं ५ मिली तेल प्लगच्या भोकातनं सोडा, दोन-तीनदा दोरी हळू ओढून ते पसरू द्या आणि परत मोजा. फोर-स्ट्रोक असेल आणि आकडा एकदम वर आला तर रिंगा किंवा बोअर, फारसा हललाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हच नसत्यात आणि तेलानं आकडा थोडाफार वाढतोच, त्यामुळं तिथं या चाचणीवर फार विसंबू नका, तिथं आत डोकावणं जास्त कामाचं. पिस्टन खाली नेऊन प्लगच्या भोकातनं कॅमेरा सोडा आणि बोअरची भिंत बघा, खास करून एक्झॉस्टच्या भोकाच्या बाजूची. उभे ओरखडे, नखाला अडकतील असे, दिसले तर आकडा काही का असेना, ते मशीन उघडावं लागणार.

दोन अपवाद

छोट्या फोर-स्ट्रोक मशीनमधे दोरी हलकी जावी म्हणून डिकॉम्प्रेशनची सोय असू शकते, हळू फिरवताना एक व्हॉल्व्ह मुद्दाम किंचित उघडा राहतोय. अशा मशीनला दोरीनं मोजलं तर आकडा हास्यास्पद कमी येईल आणि मशीन मात्र ठणठणीत असेल. मॅन्युअलमधला आकडाच तिथं खरा, नाहीतर लीक-डाउन टेस्ट करून घ्यायची, त्यात पिस्टन वर थांबवून कॉम्प्रेसरची हवा आत सोडत्यात आणि ती कुठनं निघते ते ऐकत्यात.

दुसरं, केरोसीन मशीन. किनारपट्टीवर ही चालत्यात आणि स्वस्तात इकडं येऊ शकत्यात. ती मुळातच कमी कॉम्प्रेशनची बनवलेली असत्यात, त्यामुळं पेट्रोल मशीनचे आकडे त्यांना लावू नका. यामाहाच्या असल्या मॉडेलच्या नावात बऱ्याचदा 'के' असतोय. घेऊ नका असं नाही, पण रॉकेल आणणार कुठनं हा विचार आधी करा.

कॉम्प्रेशन चांगलं, तरी थांबा

टू-स्ट्रोकमधे खाली क्रँककेसमधे, म्हणजे पिस्टनखालच्या खोक्यात पण दाब तयार होत असतोय, तिथले सील किंवा रीड (हवा एकाच बाजूनं आत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) गेले असतील तर वरचं गेज काही सांगत नाही. बुडालेल्या मशीनमधे तर हे फारच, पिस्टन-रिंगा धडधाकट आणि खाली क्रँकच्या बेअरिंगला गंज. प्लग बाहेर आहेतच, तेव्हा फ्लायव्हील हातानं सावकाश फिरवा आणि कान लावा. खरखर, दाणेदारपणा, एखाद्या जागी अडखळणं असं काही हाताला लागलं तर सोडा.

खालच्या गिअर केसचा खालचा स्क्रू थोडा ढिला करून दोन थेंब तेल बघा, दुधाळ झालेलं असेल तर सीलमधनं पाणी आत जातंय. हे काम दुरुस्त होण्यासारखं आहे, पण किमतीतनं कमी करून घ्या.

किमतीचं म्हणाल तर आकडे वहीत लिहून विकणाऱ्याच्या समोर ठेवायचे, गेजचा फोटो दाखवायचा आणि मग बोलायचं. एक सिलिंडर कमी आहे म्हणजे मशीन भंगार असं नाही. त्या मॉडेलचे पाव मिमी, अर्धा मिमी ओव्हरसाईज पिस्टन मिळतायत का, ते आधी फोनवर विचारा, मिळत असतील तर बोअरिंगवाल्याकडनं बोअर मारून घेता येतंय. मिळत नसतील तर किती पण स्वस्त असू दे, ते मशीन पार्टसाठीच. आणि मशीन पुराच्या कामाला घेताय, म्हणजे गावच्या बोटीसाठी, तर "चालतंय की अजून एक सीझन" या हिशोबात बसूच नका. आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकल्यावर तो कमी सिलिंडर कुणालाच नकोय.

परत बसवताना

सौदा होवो न होवो, मशीन नीट बंद करून द्यायचं. प्रत्येक सिलिंडरमधे थोडं टू-टी ऑइल मारा, दोरी एक-दोनदा ओढा. प्लग हातानं पिळत न्या, टेकल्यावर नवीन वायसर असेल तर पान्यानं अर्धा फेरा, जुनाच प्लग असेल तर अगदी थोडं. वायरी फोटो बघून ज्याच्या त्याला. अर्थच्या क्लिपा मोजून काढा, एखादी फ्लायव्हीलखाली राहिली तर पुढच्या ओढीला आवाज होईल. पेट्रोलचा पाइप, किल स्विचची क्लिप, काउलिंग. घेणार असाल तर ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, पट्टी खरवडलेली किंवा काढलेली असेल तर बिलाशिवाय हात लावू नका, आणि मोजलेले आकडे त्याच बिलाच्या मागं तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या मे महिन्यात परत मोजाल तेव्हा लागतील.